‘यक’ची साक्ष

‘यक!’ म्हणायला विचार करावा लागत नाही, हेच त्याचं बळ. वरचा ओठ चढतो, नाकाशी सुरकुत्या पडतात, जीभ पुढे सरते आणि नकोसा घास थुंकावा तसा तो उद्गार बाहेर पडतो. साठच्या दशकात अमेरिकी बोलीत रुळलेला हा शब्द आज पुण्या-ठाण्याच्या पोरांच्याही जिभेवर आहे; ताटात कारलं पडलं की आधी तोच ऐकू येतो. कारल्याचं एक वेळ सोडून देऊ. पण ज्याला यक म्हटलं ते वाईटच असणार, हा त्या उद्गाराचा आव खरा मानावा का?

डार्विनने १८७२च्या आपल्या भावनांवरच्या ग्रंथात एक प्रसंग नोंदवला आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फ्वेगोत, तो टिकवलेलं थंड मांस खात होता. तिथल्या एका रहिवाशाने त्या मांसाला बोट लावून पाहिलं आणि त्याच्या मऊपणाचीच त्याला किळस आली. इकडे डार्विनला किळस आली ती त्या उघड्या माणसाचं बोट आपल्या अन्नाला लागलं म्हणून. त्याचे हात मळके दिसत नव्हते, हेही डार्विनने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. तोंडं दोघांचीही वाकडी झाली. मांस नासल्याची तक्रार मात्र कुणाचीच नव्हती.

कुणी म्हणेल, किळस नसती तर नासकं-कुजकं खाऊन माणूस कधीच संपला असता. खरं आहे. पण ही राखण आपण जन्माला येताना पुरती घेऊन येत नाही. रांगतं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातून १९७१ साली विषारी बाटल्यांवर लावायला ‘मिस्टर यक’ निघाला: भडक हिरवा गोल चेहरा, आखडलेले डोळे, बाहेर काढलेली जीभ. जुनं कवटीचं चिन्ह मुलांना चाच्यांचं वाटून उलट आवडेल, ही भीती होती (त्या शहराचा बेसबॉल संघही ‘पायरेट्स’च!). पुढच्या अभ्यासांत मात्र हा चेहराही लहानग्यांना बाटलीपासून फारसा लांब ठेवत नाही, असं दिसलं. यक म्हणायला शिकवावं लागतं, आणि शिकवणारे बहुधा घरचेच असतात.

याहून वजनदार आक्षेप लिऑन कास या अमेरिकी विचारवंताचा. तर्काला जे मांडता येत नाही, ते शहाणपण किळशीत असतं, असं त्याने १९९७ साली क्लोनिंगच्या विरोधात लिहिलं. पण याच कासने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्रावरही आक्षेप घेतला होता. १९७८ साली त्याच तंत्राने लुईझ ब्राउन जन्मली; आज तशा बाळाच्या बारशाला कुणी नाक मुरडत नाही. इतक्या लवकर विरणाऱ्या भावनेला शहाणपण कसं म्हणावं?

आणि हीच किळस माणसांवर रोखली गेली की काय होतं, हे महाडने पाहिलं आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तर तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते ‘शुद्ध’ केलं. शेण चाललं, माणसाची ओंजळ चालली नाही. यात नाकाचा आणि पोटाचा संबंध कुठे आला? यकची साक्ष जरूर घ्यावी, पण उलटतपासणी केल्याशिवाय नाही. चवदार तळ्याच्या दाव्यात ती व्हायला दहा वर्षं गेली. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.