निचरा

पाथर्डीच्या माणसाला बागेतले पाणी बाहेर काढून द्या, असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला समोरचे ताट दूर सारायला सांगण्यासारखे आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात मिशनच्या मळ्यातील मोसंबीची झाडे आम्ही टँकरच्या पाण्यावर जगवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मात्र पाऊस हटता हटेना. आळी तुडुंब भरली. आमचे वृद्ध माळीकाका म्हणाले, "फादर, उताराला चर काढू द्या. ही काळी माती पाणी पिते, पण सोडत नाही."

"काका, काल विकत घेत होतो ते पाणी आज घालवायचे?" मी म्हणालो. काकांनी मुकाट्याने कुदळ खांद्यावर घेतली.

पुढे पाने पिवळी पडली, खोडांतून डिंक ओघळू लागला. एक झाड उपटले, तेव्हा कुजलेल्या मुळांची साल हातात सुटून आली. चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात, मधली हवा नाहीशी होते, मुळे गुदमरतात आणि त्या ओलीत फायटोफ्थोरा बुरशी माजते. शेतकरी या रोगाला डिंक्या म्हणतात. दुष्काळातून वाचलेली झाडे माझ्या मायेने मेली.

आपल्या जिल्ह्यात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचे मोठे काम केले. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे मलाही तोंडपाठ होते. पण डोंगरउताराचा न्याय मी बागेला लावला. माथ्यावर मुरलेले पाणी विहिरीला मिळते. भारी जमिनीत बुंध्याशी तुंबलेले पाणी झाडाचा जीव घेते.

मी काकांची क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, "फादर, पावसाआधी चर होतील." झाडांच्या ओळींमधून चर निघाले, त्यांचे पाणी शेततळ्यात उतरले, काहीच वाया गेले नाही. खोडाला पाणी शिवू नये म्हणून दुहेरी आळी केली, खोडांना बोर्डो पेस्ट लावली. आता पाणी देण्याआधी मी वीतभर खालची माती मुठीत दाबून पाहतो. चिकट गोळा झाला, की थांबतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील निष्फळ अंजिराच्या दृष्टान्तावर मी अनेकदा प्रवचन केले आहे. झाडाला आणखी एक वर्ष द्या, अशी विनवणी तिथे माळी करतो. मालकाने त्याचे ऐकले की नाही, हे प्रभू सांगत नाही. ते उत्तर प्रत्येक मालकाने स्वतः द्यायचे असते. माझे उत्तर द्यायला मला उशीर झाला.