५६ अंशांची खोटी नोंद

३६ वर्षं बँकेत नोकरी केली, वहीत खोटी नोंद कधी केली नाही. ती केली निवृत्तीनंतर, सत्तरी ओलांडल्यावर, अमेरिकेत नातवाच्या वहीत. आणि कशासाठी, तर सापांसाठी! घरात हे फक्त दोघांना ठाऊक आहे. आज इथे लिहून टाकतो.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. आमच्याकडे साप म्हणजे नागपंचमीला पाटावर गंधानं काढायचा, आणि एरवी परसात दिसला तर काठी शोधायची. चिरंजीव ओहायोला असतात. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही दोघं तिकडे गेलो, तर नातवाच्या खोलीत दोन काचेच्या पेट्या आणि त्यांत कॉर्न स्नेकची जोडी. केशरी रंग, चार-एक फूट लांब, बिनविषारी. आपल्याकडचे साप घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. हा साप मूळचा अमेरिकेचाच आणि तिथे तो पाळायची मुभा. सौ.नी पहिला आठवडा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

नातवाला पिल्लं हवी होती. मला वाटलं, नर-मादी एका पेटीत ठेवले की झालं. तो म्हणाला, "नाही आजोबा, आधी दोघांना हिवाळा द्यायचा." मग त्यानं सगळं समजावलं, आणि मुदत ठेवीच्या हिशेबासारखं ते मला लगेच कळलं. मादी तीन वर्षांची आणि तीनशे ग्रॅमच्या वर हवी. थंडीत ठेवण्याआधी दोन आठवडे उंदीर देणं बंद. कारण थंडीत पचन थांबतं आणि पोटातलं अन्न तिथेच सडतं. पोट रिकामं झालं की दहा-बारा आठवडे अंधारात, ५५ ते ६० फॅरनहाइटमध्ये, म्हणजे आपले १३ ते १६ अंश. फक्त पाण्याची वाटी. मार्चात हळूहळू ऊब, पुन्हा खाणं. मग मादी कात टाकते. ती कात पडली की नराला तिच्या पेटीत सोडायचं. थंडीशिवाय अंडी होतच नाहीत असं नाही, पण थंडीनंतर ऊब आली की दोघांची वेळ एकत्र येते, आणि अंडी फळण्याची आशा वाढते.

पेट्या गॅरेजमध्ये गेल्या. त्याला शाळा, म्हणून दुपारची नोंद माझ्याकडे: तारीख, वेळ, तापमान.

जानेवारीत बाहेर बर्फ. मी स्वेटरवर कोट चढवून गॅरेजमध्ये जायचो. ते दोन जीव वेटोळं करून निपचित पडलेले, महिनाभर पोटात काही नाही. मला बघवेना. कोपऱ्यात लहान हीटर होता. एक दिवस तासभर लावला. मग रोजच; सगळे बाहेर पडले की लावायचा, चार वाजता बंद. काटा सत्तरपर्यंत जायचा. वहीत मी ५६ लिहायचो. मधूनच ५७, म्हणजे खरं वाटावं म्हणून! इन्स्पेक्शनला असली वही आली असती तर मीच पकडली असती.

मार्चात त्यानं वजन केलं. मादी बरीच उतरली होती. नीट थंडीत ठेवलेला साप फारसा उतरत नाही. अर्धवट उबेत शरीर चालू राहतं आणि खाणं नसल्यानं अंगातलंच जळतं. "तापमान तर बरोबर आहे," वही चाळत तो म्हणाला. कॅश जुळली नाही की काउंटरवरच्या नवख्या मुलाचा होतो, तसा त्याचा चेहरा झाला होता. मी चहा पीत बसलो.

त्यानं खाऊ घालून तिचं वजन भरून काढलं, मग नर सोडला. एप्रिलअखेर आम्ही परतलो. जूनमध्ये फोन आला: नऊ अंडी, सगळी वांझ. चांगलं अंडं पांढरं, चामड्यासारखं असतं. ही बारकी, पिवळट. "माझंच काहीतरी चुकलं," नातू म्हणाला. रात्री झोप लागली नाही, तरी बोललो नाही. सांगायला सप्टेंबर उजाडला.

सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता. मग, "तुम्ही खोटं लिहिलंत?" हीटरचं त्याला फार वाटलं नव्हतं. वहीचं वाटलं. पंधरा दिवस तो फोनवर आला नाही.

डिसेंबरात व्हॉट्सॲपवर फोटो आला. थर्मामीटर, ५६. खाली मजकूर काही नाही. मी एका जुन्या लेजरमध्ये नोंद केली आणि पानाचा फोटो पाठवला. असं रोज, मार्चपर्यंत. एप्रिलच्या सुरुवातीला कात, मग नर. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कात. ही अंडी येण्याआधीची, तिच्यापासून साधारण दहा दिवस मोजायचे. मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल केला. अकराव्या दिवशी १४ अंडी, त्यातली दोनच पिवळी. बाकीची ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, ८२ फॅरनहाइटला, आणि एकही उलटू द्यायचं नाही. पुढे त्यानं व्हिडिओ कॉलवर अंड्याला टॉर्च लावून दाखवलं: आत लाल शिरांचं जाळं. सौ. चष्मा शोधायला धावल्या.

आपली नागपंचमी होऊन गेली होती, गुजराती शेजाऱ्यांची वद पंचमीची यायची होती, तेव्हा साठाव्या दिवशी पहिल्या अंड्याला चीर पडली आणि इवलंसं नाक बाहेर आलं. बारातली अकरा फुटली.

बँकेत चुकलेली नोंद खोडत नाहीत. लाल शाईनं रेघ मारून बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही. पुढच्या भेटीत ती जुनी वही मागून घेतली. बरोबर आकडे काही आठवत नव्हते. ४१ ओळींवर नुसत्या रेघा मारल्या आणि सह्या केल्या. नातू शेजारी बसून मोजत होता. हीटर मात्र त्यानं माळ्यावर टाकलाय.