नवव्या महिन्यातल्या ताईस

प्रिय ताई,

सकाळपासून बाळ नेहमीसारखं फिरलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंय. घरात सांगितलंत, तर उत्तर मिळालं, 'दिवस भरत आले की जागा पुरत नाही, बाळ शांत होतं.' मायेनं सांगितलेलं असलं तरी ते खरं नाही. बाळाची हालचाल साधारण 32व्या आठवड्यापर्यंत वाढते आणि पुढे तेवढीच राहते. लाथांऐवजी सरकल्यासारखं, कूस बदलल्यासारखं वाटेल. पण दिवस भरले म्हणून बाळ थंडावत नाही.

दुसरा सल्ला गूळपाण्याचा, नाहीतर पेढ्याचा. हा ऐकून माझा जीव जास्त घाबरतो, कारण तुम्हाला गरोदरपणातला मधुमेह आहे. वारेतून स्रवणारे हार्मोन तुमच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. म्हणून तर 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर 140च्या वर निघाली. तुमची साखर वारेतून बाळाकडे जाते, तुमचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतं, अंगानं भरतं आणि त्याला प्राणवायूही जास्त लागतो. तो कमी पडला, तर शक्ती राखायला ते हालणं कमी करतं. तेव्हा पेढ्यानं साखर वाढेल आणि मोलाचे तास जातील.

नुसती शंका असेल, तर डाव्या कुशीवर पडून बाळाकडे लक्ष द्या. पोटातली झोप सहसा 20 ते 40 मिनिटांची असते, दीड तासापुढे क्वचितच जाते. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर लगेच निघा. हालचाल कमी झाल्याची खात्रीच असेल, तर मोजत बसूच नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात फोन करा. गाडी नसेल तर 108 आहे. इन्सुलिन घेत असाल आणि अलीकडे साखर आपोआप खाली येऊ लागली असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. वारेचं काम मंदावल्याची ती खूण असू शकते.

तिथे पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके पाहतील, सोनोग्राफीत गर्भजल आणि वाढ बघतील. बहुतेक वेळा सगळं ठीक निघतं. 'उगाच आलात' असं कुणी म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नका. चार दिवसांनी पुन्हा हालचाल कमी वाटली, तर जुना रिपोर्ट पुढे करून स्वतःची समजूत घालू नका. त्याच दिवशी पुन्हा जा.

तुमची,
एक मैत्रीण