माशाचा म, मिठाचा म

मूल तीन वर्षांचे झाले की आपल्याकडे घराघरांत एकच घाई सुरू होते. बालवर्गात नाव कधी घालायचे, पाटी कोणती आणायची, शेजारचा मुलगा शंभरापर्यंत अंक म्हणतो तर आपला का म्हणत नाही? या घाईला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्यांच्या आईबापांनी जन्मभर अंगठा उठवला, ज्यांनी स्वतः रात्रशाळेत डुलक्या खात सातवी गाठली, त्यांना अक्षराची किंमत ठाऊक असते, म्हणून ही घाई होते. पण तिचा भार चार वर्षांच्या बोटांवर पडला की काय होते, ते आम्ही उभयतांनी आमच्या धाकटीच्या बाबतीत पाहिले. त्यातून आमच्या घरात जो खेळ सुरू झाला तो आपल्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावा असे वाटले.

मानखुर्दला आमची एक खोली. आमच्यापैकी एकाची पाळी पहाटेची, दुसरीचे शिवणकाम रात्रीपर्यंत. घरात आजी आणि दुसरीत जाणारा थोरला. धाकटीला बालवर्गातून रोज 'म' ची दोन पाने लिहून आणायला सांगत. ती पेन्सिल मुठीत धरायची, रेघ वाकडी गेली की खोडायची, पुन्हा खोडायची, शेवटी पान फाटायचे आणि ती रडायची. पंधरा दिवसांत "मला शाळा नको" हे वाक्य घरात आले. त्याच आठवड्यात वहीत तांबड्या शाईने शेरा आला, 'लिहिण्यात मंद आहे.' म ने सुरू होणारा, शाळेने आम्हाला लिहून दिलेला पहिला शब्द हा असा होता.

ज्या घरात शिकलेली पहिलीच पिढी आहे, तिथे हा शब्द किती खोल जातो ते सांगायला नको. आजी तर दोन दिवस गप्पच होत्या.

पण हातात पेन्सिल धरून तासभर अक्षर गिरवणे हे चार वर्षांच्या मुलाचे काम नव्हेच. मनगटातली आठही लहान हाडे या वयात पुरती टणक झालेली नसतात, बोटांचा जोर यायचा असतो. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते सहा या वयातले शिक्षण खेळातून व्हावे असेच म्हटले आहे. बाईंना भेटून आम्ही दोन पानांऐवजी दोन ओळी एवढे मान्य करून घेतले. उरलेला म घरात शिकवायचा ठरवला, तोही पेन्सिलीशिवाय.

ही काही आमच्या डोक्यातून निघालेली नवलाई नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातल्या सॅन लोरेन्झो या कामगार वस्तीत पहिले बालगृह काढले. तिथल्या मुलांचेही आईबाप दिवसभर कामावर असत. खरखरीत कागदाची अक्षरे करून मुलांना त्यांवरून बोट फिरवायला देणे ही त्यांची रीत. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. महागडी साधने दूर ठेवून आसपास मिळणारे शिंपले, गोटे, बिया, पाने हीच त्यांनी शिकवण्याची साधने केली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पनाही त्यांचीच. तेव्हा दुकानात रंगीत खोक्यांतून हजार-हजार रुपयांना मिळणारे 'शैक्षणिक खेळ' पाहून जीव खाली-वर करण्याचे कारण नाही.

म साठी आम्हाला समुद्र सापडला तो लोकलच्या खिडकीतून. मानखुर्द सोडून गाडी वाशीच्या पुलावर आली की खाली खाडी पसरते, आणि आमची लेक खिडकीला नाक लावून "मासे! मासे!" म्हणून ओरडते. मासा दिसत एकही नाही, पण तोंडात म आलेला असतो. म हे तसे मुलाचे घरचेच अक्षर. दोन्ही ओठ मिटले की तो आपोआप उमटतो. मामा, मम्मम असे बोबडे बोल त्याच्याभोवती फिरतात. म्हणून आधी कान, मग तोंड, मग बोट आणि सर्वांत शेवटी पेन्सिल असा क्रम आम्ही लावला.

कानाची शाळा भरली मासळीबाजारात. रविवारी आम्ही धाकटीला बरोबर नेले आणि एकच काम दिले. म ने सुरू होणारे नाव ऐकले की टाळी वाजवायची. मांदेली आली, टाळी. मुशी आली, टाळी. मुडदुशी, माकूल, पुन्हा टाळ्या. बोंबील आणि सुरमईला टाळी नाही. मासेवाल्या मावशी हसून म्हणाल्या, "अगो बाय, मी पन म्हावरंवाली मावशी, माझी टाळी कुठं?" धाकटीने त्यांना दोन टाळ्या दिल्या, मावशीची एक आणि म्हावऱ्याची एक. मांदेली घेतली पाव किलो, पण शिकवणी झाली तासाभराची. येताना स्टेशनावर आमच्याच गावाची पाटी. मानखुर्द! मुंबईचा किनारा तर म ने भरलेला आहे. माहीम, मढ, मार्वे, मनोरी, आणि खाली रायगड-सिंधुदुर्गाकडे मांडवा, मुरूड, मालवण. थोरल्याने ही नावे एका कागदावर लिहून भिंतीला लावली.

इथे एक अडचण आली ती सांगतो. धाकटीला अक्षर दाखवले 'म' आणि शब्द सांगितला 'मासा'. ती म्हणाली, "पण ह्याला काठी आहे." बरोबरच आहे, मासा 'मा' ने सुरू होतो, मीठ 'मी' ने, मोती 'मो' ने. मोठ्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट मुले पटकन पकडतात. मग चित्रांसाठी आम्ही आधी म ला काना-मात्रा नसलेले शब्द घेतले. मगर, मचवा, मढ. मचवा म्हणजे कोकणकिनाऱ्यावरचे शिडाचे गलबत, हे थोरल्यालाही तेव्हाच कळले. काना, वेलांटी हे म ने अंगावर घातलेले दागिने आहेत, आतला म तोच, असे आजींनी सांगितले आणि तो प्रश्न मिटला. 'मोती' म्हटल्यावर मात्र धाकटी दिवाळीचा साबण घेऊन आली! खरा मोती कालवाच्या शिंपल्यात होतो हे तिला अजून पटलेले नाही.

मिठाचा म आजींचा. आजी तरुणपणी मुलुंड-भांडुपच्या बाजूच्या मिठागरांत मजुरीला जात. त्यांना लिहिता येत नाही, पण भरतीचे पाणी फाटक उघडून आत कसे घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत ते कसे दाट होते, ऊन खाऊन खडे कसे धरतात आणि फळीने ओढून ढीग कसे लावतात, हे त्यांनी नातीला बसल्या जागी हातवारे करून दाखवले. मग स्टीलच्या ताटलीत थोडे पाणी घेऊन त्यात दोन चमचे मीठ विरघळवले आणि ताटली पत्र्यावर उन्हात ठेवली. एप्रिलचे ऊन, तिसऱ्या दिवशी पाणी गेले आणि कडेला पांढरे खडे उरले. धाकटीने बोट लावून चाटले आणि "मीठ!" म्हणून उडी मारली. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, हे थोरल्यासाठी. आजी त्या दिवशी जेवढ्या बोलल्या तेवढ्या आम्ही त्यांना कधी बोलताना ऐकले नव्हते. उन्हाने तापलेल्या चिखलात उभे राहून पायांची कातडी कशी फाटत असे, तेही त्यांनी सांगितले. मिठागराची गोष्ट त्या घरात प्रथमच काढत होत्या.

तेच जाडे मीठ परातीत पसरून धाकटीने त्यात बोटाने म काढला. मिठात फायदा असा की चुकले तर परात हलवली की झाले. खोडरबर नाही, फाटलेले पान नाही, तांबडी शाई नाही. आम्ही रेघांची गोष्ट केली. मासा वरून सरळ खाली बुडी मारतो, तळाशी एक गिरकी घेतो, मग आडवा पोहत काठाला लागतो. काठ म्हणजे उभा दांडा. आणि डोक्यावरची रेघ म्हणजे समुद्राचे पाणी. चार दिवसांत ती ही गोष्ट स्वतःच पुटपुटत बोट फिरवू लागली. मीठ वाया जाऊ नये म्हणून ते बरणीत वेगळे ठेवले आहे, रोज तेच वापरतो. ज्यांच्या मुलांना हाताला जखम असेल त्यांनी मिठाऐवजी रवा किंवा चाळलेली रेती घ्यावी, आणि मिठाचा हात डोळ्याला जाऊ देऊ नये.

सुतारकाम करणाऱ्या शेजाऱ्यांकडून पॉलिश पेपरचा तुकडा मिळाला. त्याचा म कापून पुठ्ठ्यावर चिकटवला. रात्री दिवा घालवल्यावर धाकटी अंथरुणात त्यावरून बोट फिरवते आणि अंधारात ओळखते. जुनी निळी साडी जमिनीवर अंथरली की आमचा समुद्र तयार होतो. साबणाच्या खोक्यांचे मासे कापायचे, पाठीवर अक्षर लिहायचे, तोंडाला यू-पिन लावायची. मोडक्या रेडिओच्या स्पीकरचे चुंबक दोऱ्याला बांधले की गळ झाला. म चा मासा टोपलीत, बाकीचे परत पाण्यात. या खेळात शेजारची तीन मुले रोज येऊन बसतात, त्यांना बोलवावे लागत नाही.

खरी कसोटी लागली ती भ ने. मूल म शिकले की भ ला म म्हणते, हे पुष्कळ घरांत दिसेल, कारण दोघांत फरक थोडाच. आम्ही तोही समुद्रातूनच सांगितला. भ म्हणजे भरती. भरतीची लाट उसळून वळते, म्हणून भ च्या डाव्या माथ्याला वळसा आहे आणि डोक्यावरची रेघ तिथे तुटली आहे. म चा समुद्र शांत, त्याची रेघ अखंड. हे सांगून झाल्यावर दोन-तीन दिवसांनी धाकटी जेवताना घास तसाच हातात धरून भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर 'जय भीम' लिहिलेले आहे, जन्मल्यापासून ती ते बघत आली आहे. ती उठली, उष्ट्या हातानेच पाटीपर्यंत गेली आणि म्हणाली, "ही भरती. आणि हा मासा." भीम या शब्दात दोन्ही अक्षरे शेजारी-शेजारी आहेत, हे आमच्या इतक्या वर्षांत कधी ध्यानात आले नव्हते.

मग तिला छंदच लागला. डब्यावर, पिशवीवर, रेशनकार्डावर म शोधायचा. एके दिवशी तिने तीच वही उघडली आणि तांबड्या शाईच्या शेऱ्यावर बोट ठेवले. "इथे पण म आहे. बाईंनी छान काढलाय." हा कोणता शब्द, असे तिने विचारले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. थोरला वाचायला पुढे सरसावला तेव्हा आजींनी त्याला पाणी आणायला पाठवले.

समुद्रापासून दूर राहणाऱ्या वाचकांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. आमचे अकोल्याकडचे पाहुणे ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आले होते, तेव्हा त्यांच्या चार वर्षांच्या मुलाने दादरच्या चौपाटीवर समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि "केवढं तळं!" म्हणून आजोबांच्या धोतराला धरून उभा राहिला. धाकटीने त्याला ओल्या वाळूत म काढून दाखवला. लाट आली, म गेला, दोघांनी पुन्हा काढला. गावी परत गेल्यावर त्या घरात हाच खेळ सुरू झाला, फक्त मांदेलीच्या जागी मरळ आली. तळ्यात-नदीत मिळणारी मरळ तर आमच्या मांदेलीपेक्षा सोयीची, तिला कानासुद्धा नाही. तिकडे माशाला मासोळी म्हणतात, तिच्यातही म आहेच.

दोन गोष्टी काळजीच्या. पाण्याचा खेळ खेळताना लहान मुलाला बादलीजवळ किंवा टबाजवळ क्षणभरही एकटे सोडू नये, वीतभर पाणीसुद्धा घात करते. बारीक शिंपले, पिना, मणी नाकात-तोंडात जाणार नाहीत इकडे पाहावे. आणि खेळ दहा-पंधरा मिनिटांचाच ठेवावा. मूल "अजून" म्हणत असतानाच परात उचललेली बरी, म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच परात मागते. कामावरून दमून आलेल्या आईबापांनाही तेवढीच मिनिटे निघतात.

आमच्याकडे सध्या 'श' चालू आहे. शिंपले डबाभर जमले आहेत, शंख एकच आहे आणि त्यावरून रोज भांडण होते. शेवंड आमच्या खिशाला परवडणारी नाही, म्हणून थोरल्याने ती कागदावर काढली. तिच्या मिशा इतक्या लांब झाल्या की दुसरा कागद जोडावा लागला.