उसने तारुण्य

ययाति हा नहुषाचा मुलगा आणि कौरव-पांडवांचा पूर्वज. त्याचे आख्यान महाभारताच्या आदिपर्वात येते. सर्पसत्राच्या मंडपात वैशंपायन ते सांगतो आणि जनमेजय ऐकतो. एका बापाने मुलाजवळ त्याचे तारुण्य मागितले आणि मुलाने ते देऊन टाकले, अशी ही गोष्ट. तो मुलगा पूरु. ऐकणारा जनमेजय पूरुच्याच वंशातला. त्याचे सिंहासन त्या एका होकारावर उभे आहे. त्यामुळे हे आख्यान एखाद्या घरातल्या जुन्या गोष्टीसारखे सांगितले जाते. कुळाला राज्य कसे मिळाले ते त्यात येते, पण देणाऱ्याच्या घरात त्या दिवशी काय झाले ते येत नाही. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत बंगाली, मराठी, कन्नड आणि हिंदी लेखक या घराचे दार पुन्हापुन्हा ठोठावत आले आहेत. जुन्या कथेला नवा जन्म कसा मिळतो, हे त्यांच्या लेखनात फार स्वच्छ दिसते.

मूळ कथा सुरू होते ती संजीवनी विद्येपासून. युद्धात पडलेल्या दानवांना त्यांचे गुरू शुक्राचार्य या विद्येने उठवीत. ती मिळवायला बृहस्पतीचा मुलगा कच शुक्राचार्यांच्या आश्रमात राहिला. दानवांनी त्याला वारंवार मारले; शेवटी त्याची राख मद्यात कालवून खुद्द गुरूंनाच पाजली. गुरूंच्या पोटातून कच विद्या घेऊनच बाहेर आला. आचार्यांची मुलगी देवयानी हिचे त्याच्यावर मन जडले होते. पण ज्या देहातून तू आलीस त्यातूनच मीही आलो, म्हणजे आपण भावंडे, असे म्हणून त्याने तिला नाकारले. ही विद्या तुला फळणार नाही, असा शाप तिने दिला. एकही ऋषिपुत्र तुझा हात धरणार नाही, असा शाप त्याने उलट दिला.

पुढचा प्रसंग पाण्याकाठचा. मुली जलक्रीडेत रमल्या आहेत, काठावर वस्त्रे ठेवली आहेत, आणि वारा ती एकमेकांत मिसळून टाकतो. दानवांचा राजा वृषपर्वा याची मुलगी शर्मिष्ठा हिच्या हाती देवयानीचे वस्त्र लागते आणि ती ते नेसते. एवढ्याशा चुकीवरून शब्द वाढतात. एकीला बापाच्या ज्ञानाचा ताठा, दुसरीला बापाच्या राज्याचा. शर्मिष्ठा देवयानीला गवताने झाकलेल्या कोरड्या विहिरीत लोटते आणि मागे वळून न पाहता घरी जाते. शिकारीला निघालेला, तहानेने कासावीस झालेला ययाति पाण्याच्या आशेने त्या विहिरीत डोकावतो. त्याला पाणी दिसत नाही, एक मुलगी दिसते. तिचा उजवा हात धरून तो तिला वर काढतो. देवयानीच्या लेखी तेच पाणिग्रहण ठरते. वस्त्राच्या अपमानाची भरपाई म्हणून शर्मिष्ठा हजार मुलींसह तिची दासी होते.

शर्मिष्ठेला शेजेवर बोलावू नकोस, अशी ताकीद शुक्राचार्यांनी लग्नातच दिलेली असते. ती मोडते. देवयानीला यदु आणि तुर्वसु, तर शर्मिष्ठेला द्रुह्यु, अनु आणि पूरु अशी मुले होतात. हे उघडकीस येते तो क्षण महाभारताने फार थोडक्यात आणि फार अचूक टिपला आहे. बागेत तीन मुले खेळत आहेत. देवयानी त्यांना बापाचे नाव विचारते. मुले बोटाने राजाकडे दाखवतात आणि त्याच्याकडे धावत जातात. देवयानी शेजारी उभी म्हणून राजा त्यांना जवळ घेत नाही. मुले रडत आईकडे परततात.

मग शुक्राचार्यांचा शाप, अवेळी आलेले म्हातारपण, आणि ते दुसऱ्या कोणाला देता येईल हा उःशाप. चार मुले नकार देतात. धाकटा पूरु तत्काळ हो म्हणतो. हजार वर्षे भोग घेतल्यावर ययातीला कळते की तुपाने आग विझत नाही, तशी भोगाने वासना विझत नाही. तो तारुण्य परत करतो, पूरुला राज्य देतो आणि वनात जातो.

कथा पूर्ण आहे, बोधही पूर्ण आहे. तरीही तिच्यात मोठमोठ्या रिकाम्या जागा आहेत. पूरुचा होकार मोजक्या श्लोकांत संपतो. एका सकाळी पांढरे केस आणि वाकलेली पाठ घेऊन उठताना त्याला काय वाटले, हे कोणी विचारत नाही. बापाने झिडकारलेल्या त्या तीन मुलांची रात्र कशी गेली, याचाही उल्लेख नाही. महाभारतकाराला ते सुचले नसेल असे मानायचे कारण नाही. मुलांचे ते बोट ज्याने पाहिले त्याला बाकीचेही दिसतच असणार. पण त्याला वंशाची कथा सांगायची होती. तिचा ओघ मोठा असल्यामुळे कडेची माणसे कडेलाच राहिली. आधुनिक लेखक या कडेपासून सुरुवात करतो.

आरंभ बंगालीत झाला. कोलकात्याच्या बेलगाछिया नाट्यशाळेत एका संस्कृत नाटकाचा अनुवाद पाहून, बंगालीत चांगले स्वतंत्र नाटक नाही, ही खंत मायकेल मधुसूदन दत्त यांना वाटली. त्यांनी स्वतःच नाटक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘शर्मिष्ठा’. ते १८५९ मध्ये त्याच रंगमंचावर आले. नावातच निवड दिसते: राणी मागे सरली आणि दासी नायिका झाली. शतकाच्या अखेरीस रवींद्रनाथ ठाकुरांनी कच आणि देवयानी यांचा निरोपाचा संवाद ‘विदाय-अभिशाप’ या नावाने लिहिला. त्यात देवयानी शाप देते, पण कच शाप परतवत नाही. तू सुखी होशील असा वर देऊन तो निघून जातो. मूळ कथेतला एकच शाप काढून टाकल्याने कचाचे सारे व्यक्तिमत्त्व पालटते.

मराठीत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ मध्ये ‘विद्याहरण’ लिहिले. त्यांची नजर गेली ती शुक्राचार्यांच्या हातातल्या प्याल्यावर. ज्या विद्वानाला मृत्यूवर मात करता येते, त्याला मद्यावर करता येत नाही. त्या प्याल्यातूनच त्याची विद्या हरवते. पुराणातल्या प्रसंगात आपल्या काळाचे दुखणे पाहण्याची खाडिलकरांना सवय होती. त्यांच्या ‘कीचकवध’ नाटकात प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला आणि इंग्रज सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली होती. जुनी कथा नव्याने सांगणे ही सरकारला धास्ती वाटावी इतकी जिवंत गोष्ट असू शकते, याचा हा पुरावा.

‘शर्मिष्ठा’नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिकवलेल्या या लेखकाने सारे आयुष्य ध्येयवादाच्या कथा लिहिल्या होत्या. स्वातंत्र्य मिळून बारा वर्षे झाली होती. त्यागाची भाषा मागे पडत होती आणि सुखाची साधने वाढत होती. सुखामागून सुखाकडे धावणारा आणि तरी उपाशी राहणारा ययाति खांडेकरांना आपल्या काळाचा प्रतिनिधी वाटला.

या कादंबरीतला सर्वांत मोठा बदल निवेदनाचा आहे. वैशंपायन बाजूला होतो. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतःच बोलू लागतात. महाभारतात देवयानीचा अहंकार बाहेरून दिसतो. इथे ती ‘मी’ म्हणून बोलते तेव्हा त्या अहंकाराच्या मुळाशी कचाने नाकारल्याची जखम सापडते. शर्मिष्ठेची निष्ठा तिच्याच शब्दांत येते, त्यामुळे तिचे दास्य लाचारीचे राहत नाही. ययातीलाही बालपण मिळते. त्याच्यावर बापाच्या उन्मादाची सावली आहे, आणि घर सोडून संन्यासी झालेला थोरला भाऊ यति त्याच्या मनातून जात नाही. अलकेसारखी पात्रे खांडेकरांनी स्वतः निर्माण केली. कच महाभारतात विद्या घेऊन देवलोकी जातो आणि कथेतून नाहीसा होतो. खांडेकर त्याला परत आणतात, संयमाचा आणि निःस्वार्थ स्नेहाचा दिवा म्हणून कथेच्या मध्यभागी ठेवतात. ययाति आणि कच अशी भोगाची व विवेकाची दोन टोके समोरासमोर आली की वाचक आपोआप आपली जागा तपासू लागतो. कधी कधी लेखकाचा उपदेश पात्रांच्या तोंडून फार मोठ्याने ऐकू येतो, हे खरे. पण त्या उपदेशामागची कळकळ अस्सल आहे, आणि देवयानीसारखी स्त्री त्या उपदेशात मावत नाही, हेच कादंबरीचे बळ आहे. ‘ययाति’ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ.

खांडेकरांच्या कादंबरीनंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, कन्नडमध्ये गिरीश कर्नाडांचे ‘ययाति’ आले. माथेरानला १९३८ मध्ये जन्मलेला हा तरुण शिष्यवृत्ती घेऊन ऑक्सफर्डला जायच्या तयारीत होता. घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे आणि दूर जाण्याची ओढ या ताणात त्याने हे नाटक लिहिले. साठीतल्या खांडेकरांनी गोष्ट बापाच्या बाजूने ऐकली होती, विशीतल्या कर्नाडांनी ती मुलाच्या बाजूने ऐकली. आणि तिथे त्यांना महाभारतात नसलेले एक माणूस सापडले, पूरुची नवी नवरी चित्रलेखा.

नाटकातला तो प्रसंग अंगावर येतो. नवऱ्याने केवढा त्याग केला हे ऐकून चित्रलेखा मन घट्ट करते. ती दिवा घेऊन पुढे होते. उजेड पूरुच्या चेहऱ्यावर पडतो आणि तिचे सारे निश्चय त्या सुरकुत्यांपाशी संपतात. ती भयाने ओरडते. ययाति तिला धीराचे, कुळाचे शब्द ऐकवतो. ती विचारते, माझ्या नवऱ्याचे तारुण्य तुम्ही घेतलेत, मग त्या तारुण्याबरोबर येणारी त्याची कर्तव्ये कोण घेणार? राजाजवळ उत्तर नाही. चित्रलेखा विष घेते. महाभारतातल्या ययातीला शहाणपण यायला हजार वर्षे लागतात. कर्नाडांच्या ययातीला एका रात्रीत येते, कारण समोर एक प्रेत आहे. सत्यदेव दुबे यांनी हे नाटक मुंबईत हिंदी रंगमंचावर आणले. वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ हे संगीत नाटक १९६६ चे. जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने ते मराठी घराघरांत पोचले.

ययातीच्या घरातले आणखी एक माणूस उद्योगपर्वात भेटते, त्याची मुलगी माधवी. गुरुदक्षिणेसाठी गालव ऋषीला आठशे पांढरे घोडे हवे असतात, प्रत्येकाचा एक कान काळा. ययातीजवळ घोडे नसतात, म्हणून तो मुलगी देतो. प्रत्येकी दोनशे घोड्यांच्या मोबदल्यात ती तीन राजांकडे आणि शेवटी विश्वामित्राकडे राहते, चौघांना एकेक मुलगा देते आणि अखेर स्वयंवर नाकारून अरण्य निवडते. पुढे ययाति स्वर्गातून ढळतो तेव्हा त्याला सावरते ते माधवीच्या मुलांचे पुण्य. मुलाचे तारुण्य घेणारा आणि मुलीला दान करणारा बाप एकच, हे महाभारतात लांबच्या दोन पर्वांत विखुरलेले असल्याने पटकन लक्षात येत नाही. हिंदीत भीष्म साहनींनी ‘माधवी’ नाटक लिहून ते लक्षात आणून दिले. पुन्हा कुमारी होण्याचा वर जवळ असूनही त्यांची माधवी शेवटी तो वापरत नाही. थकलेल्या देहानिशी ती गालवासमोर उभी राहते, आणि जिच्या जोरावर त्याचे ऋण फिटले तिला स्वीकारताना तो कचरतो.

खांडेकरांनी पात्रांना दिलेला ‘मी’ मराठी वाचकाच्या मनात मुरला. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली, तीही अशीच अनेक मुखांनी बोलते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापली बाजू मांडतात. त्याच वर्षी इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने उलट वाट धरली; त्यांनी पात्रांची वकिली न करता त्यांना माणूस म्हणून तपासले. एका बाजूला सहानुभूती, दुसऱ्या बाजूला चिकित्सा. पुराणकथेवरच्या कादंबरीला दोन्हींची गरज असते. सहानुभूतीच तेवढी उरली की नायकाची आरती होते, आणि चिकित्साच उरली की कथेतला जीव जातो.

जुनी कथा नव्याने सांगताना पोशाख आणि बोली बदलून भागत नाही. कथेची गाठ तशीच ठेवावी लागते. शाप, मागणी आणि होकार यांतले काही गाळले तर ती ययातीची कथा राहत नाही. ती गाठ सांभाळून आजवर गप्प राहिलेल्या माणसाला बोलते करता आले, तरच पुन्हा सांगण्याला अर्थ येतो. मधुसूदनांनी दासीला, खांडेकरांनी देवयानीच्या दुखावल्या मनाला, कर्नाडांनी सुनेला आणि साहनींनी मुलीला वाचा दिली. त्यातल्या कोणीही महाभारत खोडले नाही. त्यात उमटलेले, पण न वाचलेले त्यांनी वाचून दाखवले. मूळ आख्यान एका संध्याकाळी वाचून होते. वाचकाने आधी ते वाचावे आणि मग ही पुस्तके हाती घ्यावीत. राजाकडे दाखवणारी ती तीन लहान बोटे ज्याच्या लक्षात राहतील, त्याला या सगळ्या कथा कुठून निघाल्या ते समजेल.