शंभर कोंबड्यांची कुपी

निवृत्तीनंतर लोंढ्याला येऊन राहण्याचे आम्ही उभयतांनी ठरविले, तेव्हा आप्तेष्टांनी काळजी व्यक्त केली ती पावसाची. लोंढा जंक्शन म्हटले की गोव्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला फलाटावरचा चहा आठवतो आणि कॅसलरॉकच्या पुढचा घाट. येथे माणसे घरे करून राहतात, भात पिकवितात, कोंबड्या पाळतात, हे गाडीच्या खिडकीतून दिसत नाही. घर करून राहिल्यावरही आम्हाला ते फार उशिरा दिसले.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही गिरिराज जातीची एक दिवसाची पंचवीस पिले आणली. ही जात बेंगळुरूच्या हेब्बाळची. परसात फिरून, किडेमुंगी आणि खरकटे खाऊन वाढावी आणि तरीही गावठी कोंबडीहून कितीतरी अधिक अंडी द्यावी, या हेतूने तेथील संशोधकांनी ती तयार केली. पिलांसोबत मिळालेले माहितीपत्रक कानडीत होते. सीमाभागात आयुष्य गेलेल्यांना कानडी ऐकून कळते, वाचताना मात्र बोट अक्षरावर ठेवावे लागते. बोट ठेवून वाचल्यामुळेच असेल, पहिले पंधरा दिवस आमच्या हातून चूक झाली नाही. खोक्यात भाताचे तूस, त्यावर कागद, वर साठ वॉटचा दिवा, पहिल्या दिवशी गुळाचे पाणी आणि मक्याचा भरडा. दिव्याखाली पिले एकमेकांना बिलगली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पांगली तर उकडते आहे, ही भाषा आम्ही कानडीपेक्षा लवकर शिकलो. सातव्या दिवशी प्रत्येकाच्या डोळ्यात लासोटा लसीचा एकेक थेंब घातला. जूनमध्ये एका रात्री वीज गेली. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आम्ही आळीपाळीने जागलो, तरी दोन पिले गारठून गेली. आणखी दोन मुंगसाने नेली. राहिली एकवीस.

आठव्या आठवड्यात त्यांना मानमोडीची दुसरी लस टोचायची होती. या रोगाचे ग्रांथिक नाव राणीखेत. १९२७ च्या सुमारास तो कुमाऊंतील राणीखेत येथे आढळला आणि त्या निसर्गरम्य गावाच्या कपाळी कायमचा चिकटला. त्यावरची लसही कुमाऊंतल्याच मुक्तेश्वरची. पशुवैद्य डॉक्टरांनी कुपी दाखविली : शंभर कोंबड्यांची. एकदा विरघळविली की बर्फात ठेवूनही एक-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. "आजूबाजूच्या कोंबड्याही बोलवा, एकदमच टोचू," असे ते म्हणाले. आम्ही हिशेब केला. एकवीस कोंबड्या, एकोणऐंशी मात्रा वाया. शिवाय जुलैचा पाऊस, घरोघर जाऊन सांगणार कोण? पाऊस ओसरल्यावर पाहू, असे म्हणालो. पाऊस ओसरला, आणि ते मनातूनही ओसरले.

दिवाळीनंतर अंडी सुरू झाली. पहिले अंडे हातात घेतले तेव्हा ते ऊबदार होते आणि आम्ही दोघेही उगीचच हळू बोलत होतो. पण गिरिराज कोंबडी अंडी देते, उबवीत नाही. खुडूक होणे तिच्या जातीतून जवळजवळ गेलेले. अंड्यांवर बसायला गावठी कोंबडी हवी म्हणून जानेवारीत आठवड्याच्या बाजारातून एक विकत घेतली आणि पिशवीतून काढून थेट आमच्या कोंबड्यांत सोडली. चौथ्या दिवशी ती मेली. आठवडाभरात बाकीच्यांची हिरवट हगवण सुरू झाली. चोची उघड्या टाकून त्या श्वास घेऊ लागल्या आणि मग एकेकीची मान पाठीवर पिळवटली. मानमोडी हा शब्द ज्याने प्रथम योजिला, त्याने ते दृश्य जवळून पाहिले असले पाहिजे. चार वाचल्या. सतरा आम्ही फणसाखाली खड्डा करून, चुना टाकून पुरल्या.

एवढ्यावर थांबते तर ती आमची हानी होती. कुंपण आमचे होते, परंतु चिमण्या, पाऊल आणि पाण्याचा ओघळ यांना कुंपण नसते. शेजारच्या अक्कांच्या अकरा कोंबड्यांपैकी नऊ त्याच पंधरवड्यात गेल्या. आमच्या कोंबड्या हौसेच्या होत्या. अक्कांच्या कोंबड्या म्हणजे मुलाच्या वह्या, दवाखान्याचे तिकीट, जत्रेचा पाहुणा. अक्का कुंपणाशी आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "बाजारची कोंबडी लगेच मोकळी सोडलासा काय?" बाजारची कोंबडी आधी काही दिवस वेगळी, डालग्याखाली ठेवायची, हे त्यांना आईकडून ठाऊक होते. आम्हाला पत्रकातूनही ठाऊक झाले नव्हते, कारण ते पान आम्ही वाचलेच नव्हते.

आम्ही पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. दोन महिने नमस्काराला नमस्कार, बस. मार्चमध्ये आम्ही नवी पिले आणायचे म्हटले आणि निम्मी वाट्याने पोसाल का, असे विचारले. अक्का जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी डाक्टरला आणा."

त्या खेपेस आम्ही घरोघर गेलो. जी घरे इतके महिने फक्त वाटेवरून पाहिली होती, त्यांच्या पडव्यांत बसलो. ठरल्या दिवशी उजाडताच, खुराडी उघडण्याआधी, माणसे आमच्या अंगणात आली : कोणी पोत्यात, कोणी डालग्यात, एक मुलगा दोन्ही काखांत एकेक कोंबडी धरून. डॉक्टर पंख उचलून त्वचेखाली टोचीत होते, आम्ही मोजीत होतो. त्र्याऐंशी झाल्या. कुपीत सतरा उरल्या होत्या आणि बर्फ वितळत होता.

अक्कांनी आपल्या सगळ्या आणल्या होत्या, एक सोडून. माहेरून आणलेली त्यांची गावठी कोंबडी खुडूक होऊन माजघरात टोपलीत बसली होती. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांचे काम आहे. आम्हीही म्हणालो. अक्कांनी मान हलविली. "बसलेली कोंबडी उठवायची न्हाई," म्हणाल्या. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग थर्मासचे झाकण लावले. त्या टोपलीतली अकरा अंडी आमच्या गिरिराजांची होती.