मोठाच टर्बो बसवला तर?

मुलांनो, ट्रकच्या मागं 'टर्बो' असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एरवी फुकट जातो. टर्बोत त्याच धुरानं एक चक्र फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. तेही मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेऊन, बरं का! हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं.

हे मी चौथीच्या फळ्यावर काढलं, तर एकानं लगेच विचारलं, "बाई, मग मोठाच टर्बो बसवला तर?"

शाबास! हाच प्रश्न घेऊन शारजाच्या गॅरेजात माझ्या धाकट्या भावाकडं गिऱ्हाइकं येतात. मी सुट्टीत गेले होते, तेव्हा तिथं टोयोटाची सुप्रा उभी होती, १९९३ साली आलेलं मॉडेल. तीन लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर आणि टर्बो दोन! आधी एकच जोर लावतो. इंजिन ४००० फेऱ्यांच्या आसपास गेलं की दुसराही येऊन मिळतो. त्यामुळं थोडक्या धुरावरही गाडी झटकन उठते. मालकाला मात्र दोन्ही काढून एकच दांडगा टर्बो हवा होता.

आता गंमत बघा. चक्र जितकं मोठं आणि जड, तितका ते फिरवायला धूर जास्त. पाय दाबला तरी ताकद लगेच येत नाही. याला 'टर्बो लॅग' म्हणतात. एवढी महागडी गाडी, आणि सुरुवातीला रेंगाळणार! मला तर हसूच आलं. पुढं मात्र ती अशी सुटते की पाठ सीटला चिकटते.

भाऊ म्हणाला, "मग इंजेक्टर मोठे, पेट्रोलचा पंप मोठा, क्लच दणकट आणि इंजिनाचा कॉम्प्युटरही नव्यानं जुळवायचा."

"ते नंतर बघू. आधी टर्बो तेवढा लाव."

भावानं पाना खाली ठेवला. हवा वाढली आणि पेट्रोल कमी पडलं, तर आतला जाळ भलताच तापतो, मिश्रण नको त्या वेळी भडकतं आणि पिस्टन वितळून भोक पडू शकतं. या कामाचे पैसे आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पाठवायचे, असं तो आदल्याच रात्री बोलला होता. तरी म्हणाला, "नाही जमणार, शेठ."

मालक चरफडत गाडी घेऊन निघाला. आम्ही दाराशी उभे होतो. आवाज लांब जाता जाता एकदम चढला.

"ऐक ताई," भाऊ म्हणाला, "आता दुसरा आला."